चोवीस किलो दोनशे

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातले, गोदामातले, दवाखान्यातले, सोनाराच्या काचेच्या पेटीतले; ज्याच्यावर काही ठेवलं की आकडा दिसतो, ते सगळं माझ्याकडे येतं. एकतीस वर्षं हेच करतोय. इतकी वर्षं एकच काम केलं की ते हळूहळू डोक्यात शिरतं आणि मग बाहेर निघायचं नाव घेत नाही. माझ्या घरात साखरेच्या डब्यावर साखरेचं वजन लिहिलेलं असतं आणि त्याखाली रिकाम्या डब्याचंही. मेहुण्याचं बाळ पहिल्यांदा माझ्या हातात दिलं, तेव्हा बाकीचे नाक कुणासारखं यावर भांडत होते. मी म्हटलं, "तीन किलो दीडशे." दवाखान्याच्या कागदावर तीन किलो शंभर होतं. पुढे त्या दवाखान्याचा काटा माझ्याकडे दुरुस्तीला आला आणि तो पन्नास ग्रॅम कमी दाखवत होता हे सिद्ध झालं. हे मी मेहुण्याला फोन करून कळवलं. मुलगा तेव्हा दुसरीत होता.

तर असा मी. बायको म्हणते, हे लिहितोच आहेस तर निदान खरं लिही. नाही, चुकलो. ती मला 'अहो'च म्हणते. पण रागावली की त्या 'अहो'त 'अरे' ऐकू येतं.

आमच्या कुत्रीचं नाव गोणी. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी मी डबा खात असताना ती कारखान्यात शिरली आणि सरळ मोठ्या काट्यावर जाऊन झोपली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि भिंतीला टेकलेले, पोट उघडलेले काटे. दुसरं कुठलंही पिल्लू टेबलाखाली गेलं असतं. ही काट्यावर गेली. आकडा आला, दोन किलो सहाशे. मी तो लिहून ठेवला, आणि एकदा लिहिल्यावर तिला हाकलायचं कसं? संध्याकाळी घरी नेली. बायकोने तिला उचललं तर तिने चारही पाय सैल सोडून दिले. "ही कुत्री आहे का गोणी?" बायको म्हणाली, आणि नाव पडलं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, कारखाना उघडल्या उघडल्या, मी गोणीचं वजन करायचो. तिला सांगावं लागत नसे. स्वतः चढायची, बसायची, आकडा स्थिर होईपर्यंत समोर बघत राहायची. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाही एवढी समज नाही. तिच्या नावाची एक वही होती. ती पूर्ण वाढल्यापासून त्या वहीत एकच आकडा एकाखाली एक लिहिला गेला होता: चोवीस किलो दोनशे. शंभर ग्रॅम इकडे-तिकडे व्हायचं, पण ते पाणी पिऊन आली की न पिता आली एवढ्यापुरतं. मला त्या वहीचा अभिमान होता. आलेल्या-गेलेल्याला दाखवायचो. लोक आपल्या मुलांच्या गुणपत्रिका दाखवतात, मी कुत्रीचा हा रकाना दाखवायचो, आणि लोक चहा संपवून लगेच उठायचे.

गोणीला आंघोळ घालायचं काम बायकोचं. ती वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसते. आठवड्याची सुट्टी असली की सकाळी गोणीला मोरीत घेऊन बसते. अशाच एका सकाळी तिने आतून हाक मारली.

"अहो, हिची हाडं हाताला लागतायत."

"भिजली की लागतातच."

"आधी नव्हती लागत. हा कणा बघा. दाणे मोजता येतील."

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? मोरीपर्यंत गेला असता, हात लावून बघितला असता. चार पावलांचं अंतर. मी काय केलं, तर कुत्रीला कोरडी होऊ दिली, कारखान्यात नेली आणि काट्यावर बसवली. चोवीस किलो दोनशे. मग वही काखेत मारून घरी आलो आणि बायकोसमोर उघडून ठेवली.

"बघ. एक ग्रॅम कमी नाही."

"काटा बरोबर आहे ना?"

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. मी दुसऱ्या दिवशी पितळेची प्रमाणित वजनं, हातमोजे घालून, एकेक करून त्या काट्यावर ठेवली आणि आकडे कागदावर उतरवून तिला आणून दिले. काटा बरोबर होता. तिने कागद वाचला, घडी केली आणि पुस्तकात खूण म्हणून घातला.

महिन्याभराने ती पुन्हा म्हणाली. या वेळी हाक मारली नाही, जेवताना म्हणाली. "ती झडत चाललीय. पोट तेवढं गोल दिसतं, बाकी झडतेय."

मी पुन्हा वजन केलं. चोवीस किलो दोनशे. मग मी तिला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं, की हाताचा अंदाज ही फार फसवी गोष्ट असते, थकलेल्या हाताला जड वाटतं, ताज्या हाताला हलकं, म्हणूनच तर जगात काटे आहेत. मी चांगलं बोललो. मला आठवतंय, मी खुर्चीवरून उठून बोललो होतो. बायकोने शेवटी "बरं" म्हटलं आणि ताटं उचलली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर सात आठवड्यांनी, सकाळी फिरायला निघताना, गोणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. मला वाटलं आळस. मी पट्टा ओढला. ती आडवी झाली, आणि तिने नेहमीसारखे पाय सैल सोडले, पण या वेळी मानही सोडली. बायको धावत आली. तिने गोणीचा ओठ वर करून बघितला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. मी जिन्यातच "काय झालं, काय झालं" करत उभा राहिलो, आणि बायकोने तेवढ्यात आपल्या भावाला फोनही लावला.

मेहुणा लॉन्ड्रीची व्हॅन चालवतो. हॉटेलांच्या चादरी धुवायला नेतो आणि धुऊन परत देतो. दहा मिनिटांत आला. मळक्या चादरींच्या ढिगावर आम्ही गोणीला ठेवलं, बायको तिच्याजवळ बसली, मी पुढे. वाटेत मेहुणा एवढंच म्हणाला, "वही घेतलीत का भाऊजी?" त्याने टोमणाच मारला होता. मी म्हटलं, "घेतलीय." आणि खरंच घेतली होती. आयत्या वेळी हातपाय गळालेल्या माणसाने चपला विसराव्यात, किल्ली विसरावी. मी चपला विसरलो होतो, वही नाही.

जनावरांच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी आधी गोणीला दाराजवळच्या काट्यावर ठेवायला सांगितलं. आकडा आला, तेवीस किलो नऊशे.

आणि मी, हिरड्या पांढऱ्या पडलेल्या कुत्रीच्या डोक्याशी अनवाणी उभा असलेला मी, म्हणालो, "डॉक्टर, तुमचा काटा तीनशे ग्रॅम कमी दाखवतोय."

बायकोने डोळे मिटले. डॉक्टरबाईंनी गोणीच्या पोटावर हात ठेवला, दाबला, थोडा थांबवला, आणि आत न्यायला सांगितलं. सोनोग्राफी झाल्यावर आम्हाला बोलावलं.

"हिचं वजन उतरत होतं का गेल्या काही महिन्यांत?"

"अजिबात नाही," मी म्हटलं, आणि वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली. मला खरंच वाटलं होतं की आता त्या खूश होतील. इतकी व्यवस्थित माहिती घेऊन कोण येतं?

त्यांनी रकान्यावरून बोट खाली आणलं. मग पडद्यावरचं चित्र माझ्याकडे वळवलं. "ही प्लीहा. आणि हिच्यावर ही एवढी गाठ. तिच्यातून आत रक्त झिरपतंय, म्हणून कुत्री कोसळली. ही एका दिवसात आलेली नाही. तीन-चार महिने तरी वाढतेय."

"पण वजन तर..."

"गाठीलाही वजन असतं हो," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "गाठ वाढत होती, कुत्री झडत होती. तुम्ही दोघांची बेरीज लिहीत होतात."

मी आयुष्यात पुष्कळ काटे उघडले, पण इतकी साधी चूक कुठल्या काट्यात सापडली नव्हती. काटा बरोबर होता. आकडा बरोबर होता. गाढव होता तो वाचणारा. मी बायकोकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल, निदान माझ्याकडे बघेल, असं वाटलं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "आजच काढता येईल का?"

"आजच काढायला लागेल. भूल दिल्यावर उठेल याची खात्री देत नाही. आणि उठली तरी गाठ कसली आहे ते तपासणीला पाठवावं लागेल, बारा-चौदा दिवस लागतात. कॅन्सरची निघाली तर हातात थोडे महिने. साधी निघाली तर ही म्हातारी होऊनच जाईल."

गोणीला आत नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघं. मेहुणा चादरी पोचवायला जायचा होता, पण गेला नाही. बायको भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे बघत बसली. मला बसवेना. माझे हात काहीतरी मागत होते. मी दाराजवळच्या त्या काट्यापाशी गेलो, गुडघ्यावर बसलो आणि खाली वाकून बघितलं. एक पाय हलत्या फरशीवर होता. बाकी काही दोष नव्हता. मी मेहुण्याच्या व्हॅनमधून पान्हा आणला, पाय फिरवून उंची सारखी केली, काट्यावरच्या नळीतला बुडबुडा मध्यभागी आणला. मग मेहुण्याला त्यावर उभं केलं. तो निमूट उभा राहिला. त्या दिवशी त्याने माझं ऐकलं, यावरूनच मला कळायला हवं होतं की माझा चेहरा कसा दिसत असेल.

दीड तासाने डॉक्टरबाई बाहेर आल्या. "आहे," त्या म्हणाल्या. "अजून गुंगीत आहे, पण आहे." बायकोने भावाचा हात धरला आणि पहिल्यांदा रडली. मीही रडलो, पण काट्याकडे तोंड करून. तेवढ्यात मदतनीस बाई आतून एक झाकलेला ट्रे घेऊन आल्या. तपासणीच्या कागदावर वजन लिहावं लागतं म्हणून त्यांनी आधी तसाच एक रिकामा ट्रे ठेवून आकडा शून्य करून घेतला आणि मग गाठीचा ट्रे ठेवला. मी दुरुस्त केलेल्या काट्यावर.

दोन किलो शंभर.

वजाबाकी करायला मला वेळ लागत नाही. म्हणजे माझी गोणी बावीस किलो शंभरची झाली होती आणि मी गेले काही महिने मिरवत होतो तो आकडा तिचा नव्हताच. मला फार लाज वाटली. ती लाज अजून पुरती गेलेली नाही, आणि जावी असंही मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी गोणी घरी आली. पोटावर वीतभर टाके, गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. सूचनांचा कागद होता: जिना नाही, उड्या नाहीत, टाके चाटू द्यायचे नाहीत, थोडं थोडं चार वेळा खायला द्यायचं. चाळीस पायऱ्यांचा जिना असल्यामुळे दिवसातून पाच वेळा तिला उचलून खाली-वर न्यायचं काम माझं. एकविसाव्या वेळी माझी कंबर धरली. त्यानंतर तीन दिवस गोणी एका गादीवर आणि मी दुसरीवर, आणि उचलायला मेहुणा. तो म्हणायचा, "आधी कुणाला न्यायचं, ज्याचे टाके आहेत त्याला का ज्याची कंबर आहे त्याला?" गोणी भोंग्यातून मोठमोठ्याने श्वास सोडायची. घरातल्या प्रत्येक दाराच्या चौकटीला आणि माझ्या प्रत्येक नडगीला त्या भोंग्याने एकदा तरी धडक दिली.

या सगळ्यातून मी शहाणा झालो असेन असं कुणाला वाटेल. मी काय केलं, तर स्वयंपाकघरातला छोटा काटा गोणीच्या भांड्याखाली ठेवला. कागदावर होतं, खाणं कमी झालं तर कळवा. मग किती कमी, हे कळायला नको? उकडलेलं चिकन वाटीत, वाटी काट्यावर, आकडा लिहायचा. तिने दोन घास खाल्ले की वाटी काढायची, सारखी करायची, पुन्हा आकडा लिहायचा. तिसऱ्या वेळी तिने तोंड फिरवलं. मी घाबरलो. डॉक्टरबाईंना फोन करून सांगितलं, "सकाळपासून फक्त अडतीस ग्रॅम."

बायको दारात उभी राहून हे बघत होती. ती आत आली, काटा उचलला आणि कपाटावर अगदी मागे ढकलून दिला. मग गोणीच्या गळ्यातला भोंगा काढला, जमिनीवर मांडी घातली आणि हातावर चिकनचे तुकडे घेऊन बसली. गोणीने वास घेतला. मग एक खाल्ला. मग दुसरा. मग बायकोचा हात चाटूनपुसून साफ केला.

"किती झालं साधारण?" मी विचारलं.

ती उठून हात धुवायला गेली. त्या चौदा दिवसांत ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. औषध दिलं का, दार लावा, हळू उचला. 'मी दोनदा सांगितलं होतं,' असं ती एकदाही म्हणाली नाही. मी रोज वाट बघत होतो. आरशासमोर दाढी करताना मी त्याची उत्तरंही तयार केली होती, एक-दोन विनोदीसुद्धा होती. आणि रोज सकाळी पहिला विचार यायचा तो तपासणीच्या निकालाचा. कॅन्सर निघाला तर बायकोने सांगितल्यापासून वाया घालवलेले ते महिने मी कुठून आणून देणार होतो?

बाराव्या दिवशी टाके काढले. चौदाव्या दिवशी, सकाळी मी पोळलेल्या जिभेने चहा पीत असताना, फोन आला. डॉक्टरबाईंना प्रस्तावना येत नाही.

"साधी आहे. कॅन्सर नाही. सगळी निघालीय."

मी फोन धरून उभाच. बायको समोर आली. मी नुसती मान हलवली. कुठल्या बाजूला हलवली कोण जाणे, पण तिला कळलं. ती खाली बसली, गोणीच्या मानेत तोंड खुपसलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मी मेहुण्याला फोन लावला, तो फोनमध्येच ओरडला. घरात नुसता आनंद. मी म्हटलं, आज काम नाही, आज बाहेरच जेवू. माझी जीभ सुटली होती. मी म्हटलं, "बघ, शेवटी सगळं बरोबरच आलं की नाही!"

बायकोने मान वर केली. डोळे लाल होते, पण आवाज अगदी साधा होता.

"दोनदा सांगितलं होतं मी तुम्हाला."

तयार केलेली उत्तरं होती. एकही आठवेना.

"माझ्या हाताला कळत होतं," ती म्हणाली. "रोज कळत होतं. तरी मी गप्प बसले. तुमच्या त्या काट्यामुळे नाही हो. काट्याचं मला काय कळतं. तुम्ही म्हणालात म्हणून गप्प बसले. मला वाटलं, तुम्ही इतकं म्हणताय म्हणजे माझंच चुकत असेल. ही मेली असती तर मी माझ्या हाताला काय सांगितलं असतं?"

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे दोन शब्द बोलायला मला चौदा दिवस लागले, आणि तेही ती आधी बोलल्यावर.

ती थोडा वेळ गोणीचे कान कुरवाळत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला जिना चढताना धाप लागते. मधे दोनदा थांबावं लागतं. महिना झाला असेल, जास्तच. छातीत जड वाटतं."

"सांगितलं का नाहीस?"

"आधी हिचं होऊ दे म्हटलं. आणि तुम्हाला सांगून काय?" ती जरा हसली. "तुम्ही मला काट्यावर उभं केलं असतं."

मी हसलो नाही. गेले कित्येक दिवस मी त्याच जिन्यावरून कुत्रीला कडेवर घेऊन वर-खाली करत होतो, पायऱ्या मोजत होतो, आणि माझ्या मागून येणारी बाई मधे थांबते हे मला दिसलं नव्हतं. किती पायऱ्यांवर थांबते, कधीपासून, किती वेळ, सगळे प्रश्न जिभेच्या टोकावर आले. मी ते गिळले. उठलो, चपला घातल्या आणि मेहुण्याला पुन्हा फोन लावला.

"व्हॅन घेऊन ये. आत्ता."

"का? आता काय झालं गोणीला?"

"गोणी बरी आहे. तुझ्या बहिणीला डॉक्टरकडे न्यायचंय."

"ताईला? काय होतंय तिला? ताप आहे? बीपी बघितलं का? किती आहे?"

"मी काहीच बघितलेलं नाही," मी म्हटलं. "तिला बरं वाटत नाही असं ती म्हणतेय. तू ये."